डिलीट झालं म्हणे!

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. रात्री दहापासून मी एका जुन्या डिस्कला आंघोळ घालत बसलो होतो आणि शेवटच्या तांब्याला हे. बिल मात्र एक दिवस चुकत नाही!

झालं असं, की झेरॉक्सच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजला द्यायचा ठरला. घेणारा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारतो की, काय होत नाही ओ." या 'काय होत नाही ओ'वर आख्खं सोलापूर चाललंय. उजनी भरून वाहते अन् आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी, तेही पहाटे मोटार लावायला उठायचं. काय होत नाही ओ. नव्या पेठेत माझ्या गाडीला आडवी गाडी लावून माणूस चहाला गेलेला. आलो की ओ, काय होत नाही.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, गंमत दाखवू?" मी चार वर्षांपूर्वी शिफ्ट दाबून डिलीट केलेल्या फायली. वर क्विक फॉरमॅट मारलेला. त्याने कुठलं तरी फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं आणि माझा चहा गार व्हायच्या आत सगळी भुतं रांगेत उभी! आधार, पॅन, जातीचे दाखले. विडी कामगार बायकांच्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म. एका पासबुकाच्या स्कॅनमध्ये तर कोपऱ्याला धरलेला अक्कांचा अंगठासुद्धा आलेला, तंबाखूने काळा पडलेला. त्या अक्कांनी मला विचारलं होतं, "नंतर काढून टाकता ना?" मी म्हणालो होतो, टाकतो की. टाकलं होतं ओ! माझ्या डोळ्यांदेखत टाकलं होतं!

तर म्हणे डिलीट म्हणजे पुसणं नव्हेच. वहीच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडायची, पान तसंच ठेवायचं. त्या पानावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जागच्या जागी. मग बटणावर 'डिलीट' कशाला लिहिता? 'झाकून ठेवा' लिहा! विंडोज ९५ पासून त्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाखवून आम्हाला उल्लू बनवताय.

मग भाचा म्हणाला, विंडोजमध्येच सायफर म्हणून कमांड आहे, मोकळ्या जागेवर फिरवा. आधी शून्यं, मग एफएफ (म्हणजे सगळे एकच एक), मग वाट्टेल ते आकडे, अशा तीन फेऱ्या लिहिते. किती झालं, किती राहिलं, काही सांगत नाही. काळ्या पडद्यावर नुसती टिंबं. एक टिंब. मग बराच वेळ काही नाही. मग एक टिंब. मे महिना, रात्री अकरालाही भिंतीला हात लागला तर चटका बसतोय, पंखा गरम हवा खाली ढकलतोय आणि मी बनियनवर टिंबं मोजतोय. तिसरी फेरी लागली तेव्हा वाटलं, जिंकलो. आणि फट्. यूपीएस आहे हो माझ्याकडे. त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेली, तेव्हापासून त्यावर गणपतीचा फोटो आहे.

सकाळी चालू केलं तर डिस्क गच्च! लाल पट्टी! या कमांडने मोकळी जागा पुसायला स्वतःचाच कचरा भरला होता आणि लाईट गेल्यावर तो तसाच टाकून पळाली. 'ईएफएसटीएमपीडब्ल्यूपी', असं शिंकल्यासारखं नाव त्या फोल्डरचं. ते आता आपण हाताने काढायचं. कसं? डिलीट करून!!

मी भाच्यावर ओरडलो. तो पोहे खात शांतपणे म्हणतो, "मामा, पहिल्या फेरीतच काम झालं होतं. आजच्या डिस्कला एकदा पुसलं की पुरे. क्विकची टिक काढून फॉरमॅट मारलं असतं तरी शून्यं लिहिली गेली असती, विंडोज व्हिस्टापासून तसंच आहे." मग रात्री का नाही बोललास बे? तर म्हणे, तुम्ही विचारलं कुठं? वर ज्ञान: १९९६ मध्ये गुटमन नावाच्या माणसाने पस्तीस वेळा पुसायची पद्धत लिहिली, आणि पुढे तोच म्हणाला की नव्या डिस्कना त्या पस्तीसला अर्थ नाही. बरं झालं हे मला रात्री माहीत नव्हतं. मी पस्तीस फेऱ्या मारल्या असत्या, माझा स्वभाव मला माहीत आहे.

आणि नवीन कॉम्प्युटरमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवाली डिस्क. तिथं उलटंच! गेल्या आठवड्यात गिऱ्हाईकाच्या लग्नपत्रिकेची फाईल चुकून उडाली, तर भाच्याने हात वर केले. ट्रिम म्हणून काहीतरी असतं, ते डिलीट झालेली जागा लगेच साफ करायला लावतं. म्हणजे आधार कार्डं चार वर्षांनी जिवंत आणि पत्रिका पाच मिनिटांत खलास.

तरी खात्री म्हणून जुन्या डिस्कवर तेच सॉफ्टवेअर परत फिरवलं. आतला मजकूर गेलेला, उघडलं की नुसता कचरा. पण काही फायलींची नावं शाबूत! आणि हिने नेमकं मागे उभं राहून वाचलं: 'राजीनामा_शेठला_शेवटचं_सांगतो_फायनल_३'.

"अहो, हे कधी दिलंत?"

दिलं नव्हतं. तीनदा फायनल केलं, पण दिलं नव्हतं.

मग मी डिस्कच काढून घेतली. फोडायची ठरवली. तर झाकणाचे स्क्रू सहा टोकांच्या चांदणीचे, आमचा पेचकस कशाला बसतोय! शेवटी स्वयंपाकघरातून बत्ता उचलला. ही दारातूनच ओरडली, "त्याने शेंगाचटणी कुटते मी! ठेवा तो!"

ठेवला. डिस्क कपाटात आहे, आधीच्या दोन डिस्कच्या शेजारी. दुकानदार म्हणतोय डिस्क नसेल तर चारशे रुपये कमी.