पुण्यातला फ्लॅट, अमळनेरची शेती आणि अकरा महिन्यांचा करार

मुलगा किंवा मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली की खान्देशातील घरोघरी वर्षभरातच एक विषय निघतो : भाड्याने किती दिवस राहायचे? वडीलधारे म्हणतात, "भाडाना पैसा पाणीमा गया." लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारण्याआधी पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का, हे विचारले जाते, आणि मग बोरी नदीकाठची दोन-तीन एकर जमीन विकून वाकड किंवा हिंजवडीकडे वन बीएचके घेण्याचा हिशेब मांडला जातो. माझ्या अमळनेरच्या घरीही भाच्यासाठी सध्या हीच चर्चा चालू आहे. मी बर्लिनमध्ये भाड्याच्या घरात राहतो, म्हणून ताईने माझे मत विचारले. भाड्याच्या घराची आपल्याला जी धास्ती वाटते, ती पैशामुळे कमी आणि मुदतीमुळे जास्त वाटते, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाच्याचेच उदाहरण घेऊ. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला की मालकाचा फोन येतो आणि वाढीव भाडे परवडत नसेल तर घर सोडावे लागते. पुन्हा एजंटला एक महिन्याचे भाडे, पुन्हा टेम्पो, पुन्हा पोलीस पडताळणी. जुने डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली कापून, तेही उशिरा हातात पडते आणि नव्या घराचे डिपॉझिट मात्र किल्ली मिळण्याआधीच द्यावे लागते. ज्या माणसाला दरवर्षी या फेऱ्यातून जावे लागते, त्याला वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ताही सुसह्य वाटू लागतो.

बर्लिनमध्ये पाचपैकी चारांहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात आणि त्यांत डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त माणसे असे सगळे असतात. तेथील करार सहसा बेमुदत असतो. मालकाला घर स्वतःसाठी किंवा जवळच्या नातलगासाठी हवे असणे, असे कायद्याला मान्य असलेले कारण असेल तरच तो करार संपवू शकतो, आणि तेव्हाही किमान तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. भाडेकरू आठ वर्षांहून अधिक काळ राहत असेल, तर ही मुदत नऊ महिन्यांची होते. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ते तीन हप्त्यांत देता येते, मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्यावरचे व्याज भाडेकरूचे असते. दलाल मालकाने नेमला असेल, तर २०१५ पासून त्याची दलालीही मालकच देतो.

हे वाचून कोणाला बर्लिन स्वर्ग वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथे घर मिळणे हेच मोठे दिव्य आहे. एका फ्लॅटसाठी जिन्यात खालपर्यंत रांग लागते आणि प्रत्येकाच्या हातात एक फाइल असते : तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, शुफा या पतनोंदणी संस्थेचा दाखला, आधीच्या मालकाने दिलेले 'भाडे थकलेले नाही' असे पत्र. नव्याने आलेल्या माणसाकडे यांतले बहुतेक काहीच नसते. घर मिळाले तरी अनेकदा स्वयंपाकघरात ओटाही नसतो आणि छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, कारण आधीचा भाडेकरू आपले सामान काढून घेऊन गेलेला असतो. सरकारने उपाय केले नाहीत असे नाही. २०१५ च्या कायद्याने नव्या करारातील भाडे परिसरातील प्रमाणित दरापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरवले, परंतु नव्या इमारती त्यातून वगळल्या आणि सामानासह, थोड्या मुदतीसाठी घर देण्याची पळवाट मालकांनी शोधून काढली. पुढे २०२० मध्ये बर्लिन राज्याने भाडी सरळ गोठवली. तेव्हा आत बसलेल्यांना दिलासा मिळाला, पण नवी घरे भाड्याला येणे आटले, आणि एप्रिल २०२१ मध्ये हा विषय राज्याच्या अधिकारातला नाही, असे सांगून जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

भाडी गोठवण्याचा अनुभव महाराष्ट्राने तर याच्या कितीतरी आधी घेतला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर थांबवली, त्यामुळे चाळींची दुरुस्ती थांबली, पागडी, म्हणजे घर मिळवण्यासाठी भाड्याव्यतिरिक्त द्यावी लागणारी मोठी रक्कम, फोफावली, आणि अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे म्हणावे लागले. 'भाडेकरू घर बळकावतो' ही आपल्याकडच्या मालकांची भीती त्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती खरीही होती. मात्र १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावे लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे मालकाला दाद मागता येते.

म्हणून परदेशातून उचलण्यासारखी गोष्ट मला एकच दिसते, ती म्हणजे लांब मुदत, आणि तिच्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते, ही समजूत महाराष्ट्रात लागूच पडत नाही, कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मग तो कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. हा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो व मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्के हा दरही तोच राहतो. तरीही केवळ सवयीने आणि एजंटाच्या दरवर्षीच्या कमाईसाठी आपण अकरा महिन्यांवर अडून बसलो आहोत. भाच्याला मी हेच सुचवले आहे : छत्तीस महिने मागावेत, दरवर्षीची वाढ आधीच लिहून घ्यावी, आणि जमीन विकण्याचा निर्णय त्यानंतर, शांतपणे घ्यावा.

जळगाव-धुळ्याच्या कितीतरी निवृत्त शिक्षकांनी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांनी पेन्शनला जोड म्हणून पुण्यात फ्लॅट घेतलेले आहेत. नियमित भाडे देणारा माणूस तीन वर्षे टिकला, तर मधले रिकामे महिने आणि दलाली या दोन्हींतून त्यांचीही सुटका होते, त्यामुळे सुरुवात त्यांनी करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. डिपॉझिटचा प्रश्न मात्र परस्पर समजुतीने सुटणार नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, पण ती स्वीकारायची की नाही, हे राज्यांवर सोडले आहे. खान्देशातील आमदारांकडे कापसाचा आणि केळीचा भाव मागताना याही मर्यादेची मागणी झाली पाहिजे, कारण पुण्यात डिपॉझिट भरायला लागणारी रक्कम बहुतेक वेळा त्याच पिकाच्या पैशातून जाते.