बर्फीच्या केसांविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक स्टार देऊन लिहिलेला अभिप्राय वाचल्यावर, डिसेंबरात आमच्या पाळीव प्राण्यांच्या केस-सफाईच्या दुकानात आपल्या मांजरीचे, बर्फीचे, काम ज्या सहकारी मुलीने केले होते तिला घेऊन मी त्या दिवसाची नोंदवही उघडून बसले. आपल्या तक्रारी तीन आहेत. अंघोळ आणि विंचरणे एवढेच सांगितले असताना आम्ही मांजरीचे अंगभर केस काढले. गाठी सोडवण्याचे कष्ट टाळून मशीन फिरवले आणि वर ४०० रुपये जास्त लावले. आणि आता तीन महिन्यांनी पाठीवर मूळच्या दुधाळ रंगाऐवजी तपकिरी केस आले आहेत, तेव्हा आम्ही नक्कीच एखादे रसायन वापरले असावे. पहिल्या तक्रारीत आपण पूर्ण बरोबर आहात आणि दुसरीत निम्म्या. तिसरीचे कारण वेगळे आहे.

आमच्या अर्जात केस काढण्याच्या परवानगीची एक चौकट आहे. ती आपण रिकामी सोडली होती आणि आम्ही रिकाम्या चौकटीचा अर्थ होकार असा लावला. आपल्याला एकदाच फोन केला, तो उचलला गेला नाही आणि काम पुढे सुरू झाले. बर्फीच्या जिवाला कोणताही तातडीचा धोका नव्हता. तिला पिंजऱ्यात शांत बसवून तासभर थांबता आले असते. थांबलो नाही, ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते.

दुसऱ्या तक्रारीबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बर्फी वरून पाहिली तर कापसाच्या पेळूसारखी मऊ होती, कारण घरचा ब्रश केसांच्या वरच्या थरावरून फिरतो, मुळापर्यंत पोहोचत नाही. तिला उताणी धरून स्टीलचा कंगवा लावला तेव्हा दोन्ही काखांपासून मांड्यांपर्यंत केसांचा नमद्यासारखा एकसंध थर झालेला आढळला. त्याच्या आणि कातडीच्या मध्ये बोट शिरत नव्हते, आणि कानामागची एक गाठ सुपारीएवढी होती. हा थर काढल्यावर खालची कातडी लाल आणि ओलसर निघाली. त्याचे फोटो मी इथे न टाकता आपल्याला स्वतंत्रपणे पाठवले आहेत.

मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ ओढली की ती गाठीबरोबर वर उचलली जाते, म्हणूनच घरी कात्रीने गाठ कापताना कातडी कापली जाऊन टाके घालण्याची वेळ येते. आधी अंघोळ घातली तर गाठी आणखी आवळतात आणि शाम्पू आतच राहतो. इतका दाट थर फणीने सोडवायचा म्हणजे मांजराला कित्येक तास वेदना देणे. बर्फी तर विसाव्या मिनिटालाच तोंड उघडून धापा टाकू लागली होती. कुत्र्यात ती रोजची गोष्ट असते, मांजरात मात्र तो थांबण्याचा इशारा असतो, आणि आम्ही तेव्हा विंचरणे थांबवले. तेव्हा पोट आणि काखा मशीननेच करण्याचा निर्णय आजही मी बदलणार नाही. मात्र पाठीवर गाठी नव्हत्या. खालून उघडे आणि वरून झुपकेदार मांजर विचित्र दिसेल म्हणून सहकारीने सगळे एकसारखे करून टाकले. कसे दिसलेले चालेल हे ठरवणे आपल्या हाती होते, आमच्या नव्हे.

आता रंगाविषयी. बर्फी हिमालयन आहे, म्हणजे पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून आलेल्या जातीची. या मांजरांत केसांना गडद रंग देणारे विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) केवळ थंडाव्यात नीट काम करते. म्हणून कान, तोंड, पंजे आणि शेपटी हे शरीराचे गार भाग काळसर होतात, उबदार धड फिके राहते, आणि आईच्या पोटातल्या उबेमुळे पिल्ले जवळजवळ पांढरीच जन्माला येतात. डिसेंबरच्या पुण्यात उघड्या पडलेल्या पाठीवर जे केस उगवले ते गारव्यात उगवले, म्हणून ते तपकिरी आले. ते झडून नवे केस येतील तसा रंग सहसा परत फिका होतो, मात्र त्याला बरेच महिने लागतात. या जातीचे केस काढण्याआधी हे मालकाला सांगायलाच हवे. आम्ही सांगितले नाही, आणि विचारलेच नाही म्हटल्यावर सांगणार तरी केव्हा!

रंग उजळावा म्हणून रोज खोबरेल लावत असल्याचे आपण लिहिले आहे. कृपया ते थांबवावे. त्याने रंग बदलत नाही, तेलकट केस लवकर गुंततात, आणि अंगाला लावलेले सर्व मांजर चाटून पोटात घेते. त्याऐवजी केस आखूड आहेत तोवरच एक दिवसाआड दोन मिनिटे काखेत आणि मांड्यांच्या आत कंगवा फिरवण्याची सवय लावावी. आणखी एक गोष्ट, जी आम्ही बर्फीला न्यायला आलेल्या आपल्या भावाला सांगितली होती, पण बहुधा आपल्यापर्यंत पोहोचली नाही: नऊ वर्षांची, वजनाने जड मांजरी स्वतःला चाटून स्वच्छ ठेवत नसेल तर सांधे दुखत असण्याची शक्यता असते. आम्ही डॉक्टर नाही. एकदा पशुवैद्यांना दाखवून घ्यावे.

केवळ वरचे ४०० नव्हे, तर त्या दिवसाचे पूर्ण बिल आज आपल्या खात्यावर परत केले आहे. परवानगीची चौकट रिकामी असेल तर यापुढे मशीन हातात घेतले जाणार नाही. बर्फीला पुन्हा आणण्याची इच्छा झाल्यास सकाळची पहिली वेळ घ्यावी, त्या वेळी दुकानात कुत्री नसतात, आणि आपण स्वतः शेजारी बसू शकाल.