दादा, माझ्या बालपणावर एक व्हिडिओ कर ना

तुमचा यूट्यूबवरचा एक आवडता रिव्ह्यूवाला असणारच. मागे जांभळी लाइट, शेल्फवर दोनचार सुपरहिरोंच्या बाहुल्या, तोंडासमोर हाताएवढा माइक. जुने पिक्चर आणि कार्टून शोधून त्यांची सालटी काढणं हा त्याचा धंदा, आणि ताट पुढ्यात घेऊन ते बघणं हा तुमचा. बघता बघता एक दिवस लक्षात येतं की ह्याने सगळ्यांचं घेतलं पण आपलं राहिलं. आता ते त्याला कळवणं आलं. पण नुसतं कळवून मोकळं व्हायचं नसतं राव, त्याची एक पद्धत आहे, ती जरा समजून घ्या.

मुळात नाव सांगायचंच नाही. नाव माहीत असणारे फॅन कालचे. मुरलेला फॅन लिहितो, "दादा ते एक कार्टून लागायचं ना रविवारी, अस्वल विमान उडवायचं बघ, त्यावर कर ना." बास, पुढचं त्याने शोधायचं. तो बिचारा रात्रभर बसून शोधेल की हे टेलस्पिन, डिस्नेचं, 1990 चं, आणि तो पायलट म्हणजे डिस्नेच्याच 1967 च्या जंगल बुकमधला बल्लू, त्याला तिथून उचलून टोपी घातली आणि मालवाहतुकीला लावला. एवढं करून त्याने व्हिडिओ टाकला की तुम्ही म्हणायचं, "हे नाही रे, ते वेगळं होतं."

बल्लूचा विषय निघालाच आहे तर मोगलीचं पण उरकून घेऊ, कारण ह्या एका कार्टूनवरून जेवढं भांडण होतं तेवढं भावकीत बांधावरून होत नाही. तुमचा हट्ट असा पाहिजे की दूरदर्शनवरचं मोगली डिस्नेचं होतं. ते नव्हतं. ते जपानी, निप्पॉन ॲनिमेशन कंपनीचं, 1989 चं, आपल्याकडे 1993 च्या आसपास हिंदीत डब होऊन आलं. चड्डी घातलेल्या फुलाचं गाणं गुलजारांनी लिहिलं ते हिंदीसाठी, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. म्हणजे तुम्हाला जे जे म्हणून आठवतं त्यातलं निम्मं जपानला माहीतच नाही. रिव्ह्यूवाला हे सांगायला लागला की त्याला लगेच सुनवायचं, "दादा रिसर्च कमी पडला, ओरिजिनल जपानीत बघ आणि मग बोल." तो तेही करेल, वेडा आहे तो. आणि त्याने जपानीत बघून रिव्ह्यू केला की विचारायचं, "पण ह्यात गाणं का नाही? आणि शेरखान असा काय बोलतोय, जपान्यांना डबिंग जमलं नाही का?"

आता सगळ्यात महत्त्वाचं. जे सुचवताय ते स्वतः परत बघायचं नाही. चुकूनसुद्धा नाही. तुमच्या आठवणीत ही-मॅन वाघावर बसून येतो आणि अंगावर काटा येतो ना, तो तसाच राहू द्या. परत बघायला गेलात तर कळेल की फिल्मेशन नावाच्या त्या कंपनीने पैसे वाचवायला तीच तीच धावायची, तीच तीच बुक्की मारायची सीन प्रत्येक भागात चिकटवलीयेत, आणि सगळा मामला मुळात मटेल कंपनीची खेळणी खपवायला होता, म्हणजे तुम्ही ज्याला शौर्य समजून तोंड उघडं टाकून बघत होतात ती अर्ध्या तासाची जाहिरात होती आणि ते खेळणं पण तुम्हाला कुणी घेऊन दिलं नाही ते वेगळंच. जायंट रोबोटचंही तेच. घड्याळात बोलून एवढा मोठा रोबोट बोलवणारं पोरगं आठवतं ना, बास, तेवढंच आठवा, रबराचे राक्षस नका आठवू. कॅप्टन व्योम? 1998, केतन मेहता, मिलिंद सोमण, अंतराळ. त्याबद्दल फक्त एवढंच लिहायचं की "ह्याचे व्हीएफएक्स आजच्या शेकडो कोटींच्या पिक्चरपेक्षा भारी होते." बघून लिहायचं नाही. बघितलं की असं लिहिता येत नाही.

तुमच्याऐवजी ते सगळं रिव्ह्यूवाला बघणार. त्यासाठीच तर त्याला सबस्क्राइब केलंय.

आता येऊ मराठी पिक्चरकडे, इथे जरा नाजूक काम आहे. तुम्हाला झपाटलेला सुचवायचाय, सुचवायलाच पाहिजे, 1993, महेश कोठारे, लक्ष्या, रामदास पाध्येंची बाहुली, लहानपणी त्या तात्या विंचूमुळे आपल्यातले अर्धे लोक रात्री बाथरूमला एकटे गेले नाहीत. पण सुचवतानाच अट घालून ठेवायची की कौतुकच करायचं. कारण ही रिव्ह्यूवाली जमात वाईट, ती मध्येच सांगणार की खुनी माणसाचा जीव बाहुलीत शिरतो ही आयडिया 1988 च्या हॉलिवूडच्या चाइल्ड्स प्लेमध्ये आधी येऊन गेलीय. मग तो धूमधडाक्यावर घसरणार, 1985 चा आपला पिक्चर मूळ 1964 च्या तमिळ पिक्चरचा, आणि तिथून अशी ही बनवाबनवी, 1988, त्याची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या बीवी और मकानमध्ये. अशा वेळी तुम्ही शांत राहून म्हणायचं, "इन्स्पायर होणं वेगळं आणि कॉपी वेगळी." आणि त्याच संध्याकाळी नव्या मराठी पिक्चरच्या रिव्ह्यूखाली लिहायचं, "किती दिवस साउथचे रिमेक काढणार हे लोक, ओरिजिनल कंटेंट द्या, आपल्याकडे बघा पूर्वी कसले पिक्चर बनायचे." दोन्हीकडे नाव तेच ठेवा, काही होत नाही. कुणी बघत नाही.

(खरं सांगायचं तर ह्यात कुणाचं काही कमी होत नाही. तमिळ गोष्ट मराठीत आणून त्यात अशोक सराफ सोडले की ती गोष्ट पुढे कुणाची राहते हा प्रश्नच असतो. पण असा समजूतदारपणा तुम्ही दाखवायचा नाही, त्याने सजेशनची धार जाते.)

मग एक वर्ग म्हणणार, मराठी चॅनेल आहे तर मराठीच घे, ते हिंदी डब बंद कर. तुम्ही ह्या वर्गात असाल तर उत्तम. फक्त तुमच्या आठवणीतलं मराठी कार्टून कुठलं असं त्याने उलट विचारलं तर विषय बदला, कारण मराठी पोरांचं अर्धं बालपण हिंदीत डब झालेलं आहे. मोगली हिंदी, डकटेल्सची बदकं हिंदी, शक्तिमान तर हिंदीच, आणि केबल आली तेव्हा कार्टून नेटवर्क आधी इंग्लिशमध्ये, ते तर काही न कळता बघितलं आणि त्यावरच सगळ्यात जास्त प्रेम. अडचण आली तर "गोट्या घे" म्हणा. ना. धों. ताम्हनकरांच्या गोष्टींवरची मालिका, कुणी नाही म्हणू शकत नाही. तो गोट्या घेईल, जीव तोडून घेईल, आणि तो व्हिडिओ तुम्ही बघायचा नाही. "नंतर बघतो" मध्ये टाकायचा. आणि महिन्याने लिहायचं की मराठी कंटेंटला कुणी न्याय देत नाही.

पिढीचं भान पण सोडू नका. दूरदर्शनवाले चिमणराव मागणार, नाइन्टीजवाले शक्तिमान, आणि त्यांच्यामागून बेब्लेड-पोकेमॉनवाले येणार, ज्यांचा जन्म अठ्ठ्याण्णवचा असतो तरी स्वतःला नाइन्टीज किड म्हणवतात. प्रत्येकाने आपल्यानंतरच्या पिढीला "तुम्हाला काय कळणार" म्हणायचं, हा नियम आहे. चिमणरावला हसणारी आजी आणि तात्या विंचूला घाबरून रडणारा नातू, दोघांना कामाला लावणारा माणूस एकच, दिलीप प्रभावळकर, असलं काही सांगून रिव्ह्यूवाला भांडण मिटवायला लागला तर त्याला मिटवू देऊ नका. भांडण मिटलं की व्ह्यूज जातात, उलट त्याचंच नुकसान.

स्वॉट कॅट्स ह्या कार्टूनवाल्यांसाठी वेगळी सूचना. तुम्ही दर व्हिडिओला "सीझन 3 कधी?" विचारत जा. दोन सीझन होऊन 1995 मध्ये ते बंद पडलं, रिव्ह्यूवाल्याचा त्यात काही हात नाही, तो तेव्हा चड्डीत होता, पण विचारत राहा. आणि रात्री नऊ वाजता कार्टून नेटवर्क बंद होऊन त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्लिश पिक्चर सुरू व्हायचे ना, त्याचा राग पण त्याच्यावरच काढा, एवढी वर्षं साठवून ठेवलाय तर कुठेतरी काढायला पाहिजे.

क्लिप का दाखवत नाही हे तर विचारायचंच. तो सांगेल की यूट्यूबचं कंटेंट आयडी आहे, कॉम्प्युटर चित्र आणि आवाज आपोआप ओळखतो आणि क्लेम मारतो, कुणी तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक, 90 दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद. वर म्हणेल की आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी थोडंफार वापरायला सूट आहे पण मशीनला कलम वाचता येत नाही. हे सगळं ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "दादा फोटो लाव आणि म्युझिक तोंडाने वाजव." तो वाजवेल. एक चांगला शिकलेला माणूस, बहुतेक इंजिनियरच, घरच्यांना झोपायला सांगून कपाटाच्या दारामागे पांघरुणाखाली तोंडाने शक्तिमानचं गरगर फिरणं रेकॉर्ड करेल. तुम्ही तो व्हिडिओ दीड स्पीडवर बघायचा.

लाइव्ह असेल तेव्हा सुपरचॅट करा, म्हणजे पैसे टाकून कमेंट. चार वडापावांच्या पैशात माणूस विकत मिळतो आजकाल. पैसे टाकले की ती रिक्वेस्ट राहत नाही, ते कर्ज होतं, आणि ते वसूल करायला तुम्ही प्रत्येक व्हिडिओवर जायचं. त्याच्या साखरपुड्याचा फोटो आला तिथे पण. "अभिनंदन दादा, माझा छकुला कधी?" हे लिहून झाल्यावर लोक हसतील, वहिनीचा गैरसमज होईल, पण तुमच्या मनात 1994 चा तो पिक्चरच होता, हे तुम्हाला माहितीय ना, मग झालं.

आणि शेवटी तो दिवस उगवतो. त्याने तुमचं घेतलं. अर्ध्या तासाचा व्हिडिओ, सुरुवातीला तुमचं नाव पण घेतलं. आता सावध. तो हसला तर "बालपणाची टिंगल केली", तो रडवेला झाला तर "रोस्ट पाहिजे होता यार", आणि त्याने दोन्ही केलं तर "नक्की काय म्हणायचंय कळलं नाही". ह्यातलं काहीही लिहा, पण "मजा आली, थँक्यू" असलं लिहू नका. माणूस समाधानी झाला की तुमच्या पुढच्या सजेशनला कोण विचारतो.

आणि पुढचं सजेशन तयार ठेवाच. बालपण संपलं असेल, एक एक करून त्याने सगळं घेतलं असेल, अगदी ते अस्वलाचं पण सापडलं असेल, तर त्याचेच आठ वर्षांपूर्वीचे व्हिडिओ काढा, तो मोबाइल पुस्तकाला टेकवून शूट करायचा, मागे पंख्याचा आवाज यायचा ते, आणि लिहा, "दादा, तेव्हाचा तू भारी होतास. त्यावर एक रिव्ह्यू कर ना."