जेवण तयार आहे, प्रश्न आटोपते घ्या

आज दुपारी इंदूरच्या विजय नगरातल्या एका हॉटेलात आमच्या कर सल्लागारांच्या संघटनेचे स्नेहभोजन होते आणि राज्यातल्या एका पोलीस प्रशिक्षण संस्थेचे संचालन करणारे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. मी आत्ताच घरी पोहोचले आहे आणि साडीही न बदलता लिहायला बसले आहे, कारण हा राग निवला की आपण सगळेच ‘जाऊ द्या’ म्हणतो.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पदाधिकाऱ्यांचे परिचय आणि प्रायोजकाची चित्रफीत यांतच अर्ध्याहून अधिक वेळ गेला. उरलेल्या वेळात त्या गृहस्थांनी जे सांगितले ते आपल्या शहरातल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचायला हवे होते. ते म्हणाले की, मैदानावरचा उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारा, नव्या आरक्षकाला, म्हणजे पोलीस शिपायाला, ताठ उभे राहायला लवकर शिकवतो, पण समोर रडत आलेल्या माणसाचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकायला शिकवणे फार कठीण असते. आणि ते शिकवून त्याला ठाण्यावर पाठवले की तिथला जुना मुंशी, म्हणजे तक्रारी लिहून घेणारा ठाण्याचा कारकून, पहिल्याच आठवड्यात सांगतो, ‘तिकडचे विसर, इथे काम कसे चालते ते बघ.’ त्यांच्याकडे एका प्रशिक्षणार्थीला तक्रारदार करतात, दुसऱ्याला मुंशी करतात, तक्रारदाराला मुद्दाम ताटकळत ठेवतात आणि मग दोघांच्या जागा बदलतात. त्यातून मुलांच्या वागण्यात काय फरक पडतो, हे ते सांगू लागले तोच व्यासपीठावर चिठ्ठी गेली: जेवण तयार आहे, प्रश्न आटोपते घ्या.

आणि प्रश्न तरी कोणते आले? पिस्तुलाच्या लायसनची फाईल कुठे अडते, पासपोर्टची पडताळणी लवकर होण्यासाठी कोणाला भेटावे, आणि साहेबांचा मोबाईल नंबर मिळेल का. मी हात वर केला होता. ‘ताई, तुम्ही जेवताना विचारा,’ असे सांगण्यात आले, आणि जेवताना साहेबांभोवती फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होती की त्यांच्या ताटातला बाफला तसाच राहिला.

मला काय विचारायचे होते ते इथे लिहिते. मागच्या पावसाळ्यात सासूबाई सकाळी देवळातून परतत असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांचे मंगळसूत्र ओढून नेले. मानेवर लाल वळ उठला होता. आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा मुंशींनी मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, ‘बिल आहे का?’ पन्नास वर्षांपूर्वी लग्नात घातलेल्या मंगळसूत्राचे बिल! मग एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, ‘माताजी, आवेदन लिहा की रस्त्यात कुठेतरी पडले, म्हणजे लवकर काम होईल.’ सासूबाई उभ्याच होत्या. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरची एक तरुण महिला आरक्षक उठली, स्वतःची खुर्ची त्यांच्यासाठी ओढून आणली, मानेवरचा वळ पाहिला आणि मुंशींना हळूच म्हणाली, ‘सर, ही तर झपटमारी आहे, 304 लागेल.’

त्या मुलीचे बरोबर होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याच्या गुन्ह्याला 304 हे स्वतंत्र कलम आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्येच स्पष्ट केले आहे, आणि त्या एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावी लागते. ‘पडले’ असे लिहून घेतले की ठाण्याच्या हद्दीतला एक गुन्हा कागदावरून नाहीसा होतो. मुंशींनाही कायदा ठाऊक होताच. मग त्या मुलीने जे शिकून आणले ते तिथे टिकावे म्हणून वरचे अधिकारी काय करतात, एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा माणूस आज माझ्यापासून दहा हातांवर बसला होता.

ठाण्यांत माणसे कमी आहेत, हे खरे आहे. अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांची, म्हणजे देखाव्यांची, मिरवणूक असो की रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, रात्रंदिवस उभे राहणारे तेच आरक्षक असतात, हेही मान्य. पण म्हाताऱ्या बाईला खुर्ची द्यायला वाढीव मनुष्यबळ लागत नाही.

आपल्या मराठी मंडळींना तर हा विषय परका वाटायला नको. पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे होते आणि तिचा अहवाल 1973 चा आहे. कवायतीच्या बरोबरीने माणसाचे वर्तन आणि समाज समजून घेणे पोलिसांना शिकवावे, हा विचार त्यांनी तेव्हा मांडला. त्याला अर्धशतक उलटले आणि पोलीस दलात प्रशिक्षणातली नेमणूक आजही ‘लूप लाइन’, म्हणजे बाजूला टाकलेली जागा, समजली जाते. इंदूरमध्ये डिसेंबर 2021 मध्ये पोलीस आयुक्तालय आले तेव्हा आपण सगळ्यांनी स्वागत केले. पदनामे बदलली, अधिकार बदलले, पण तक्रारदार ज्याच्यासमोर उभा राहतो ते टेबल कसे बदलणार, हे कोणी विचारले का?

कार्यक्रम ठरवणाऱ्या आमच्या सचिवांनी पाहुण्यांना आणण्यासाठी महिनाभर खटपट केली, आणि त्यांच्यावर माझा मुळीच रोष नाही. उलट असा पाहुणा बोलवावा हे त्यांना सुचले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. राग आहे तो समोर बसलेल्या आपल्यासारख्यांचा. आपण शिकलेले, चार लोकांना सल्ला देणारे, आणि आपल्याला चांगले पोलीस नको आहेत, ओळखीचे पोलीस हवे आहेत. ज्यांची ओळख नाही त्यांनी काय ‘रस्त्यात पडले’ असेच लिहून द्यायचे? त्या महिला आरक्षकाची पुढे बदली झाली असे कळले. ती जिथे असेल तिथे मुंशींचे ऐकत नसावी, अशी माझी फार इच्छा आहे.

मी कार्यकारिणीला पत्र लिहिले आहे. याच पाहुण्यांना पुन्हा बोलवावे, संध्याकाळी, जेवणाशिवाय, नुसत्या चहावर. सभासदांच्या घरच्या ज्येष्ठांना आणि आमच्या ऑफिसांतल्या मुलामुलींना प्रवेश असावा. निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा आणि वैयक्तिक कामांचे प्रश्न घेऊ नयेत. संघटनेतल्या ज्यांना हे पटते त्यांनी पत्रावर सहीसाठी मला उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे, कारण बैठक शनिवारी आहे.