'हिरो' अल्बम आणि घशाच्या कॅन्सरचा तो फॉरवर्ड

गेले आठ दिवस जर्मनीच्या व्हॅन कँटो या, गिटारच्या जागी तोंडाने 'रक्काटक्का' गाणाऱ्या मेटल बँडच्या 'हिरो' अल्बमबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: हे माणसांनी गायलेलंच नाही, एआयने बनवलंय, यात एकही वाद्य नाही, ड्रम्ससुद्धा तोंडाने, सगळी आपल्या तराण्याची चोरी, आणि शेवटी ठळक अक्षरांत, असं गायल्याने घशाचा कॅन्सर होतो, मुलांना लांब ठेवा. मी सोडून देणार होतो. पण काल वहिनींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात आईने पुण्याला हॉस्टेलवर फोन करून माझ्या पुतणीला सांगितलं की ते रक्काटक्का आजपासून बंद. पोरगी चार मैत्रिणींना घेऊन दोन महिने कॉलेजच्या फेस्टसाठी हेच बसवतेय. रात्री फोनवर रडत होती.

एआयचं आधी उरकतो. 'हिरो' २००८ चा आहे. दोन ओळी टाइप केल्या की अख्खं गाणं काढून देणारं ॲप तेव्हा कोणाच्या फोनमध्ये होतं? आणि अल्बमच्या क्रेडिट्समध्ये कोण काय करतं ते नावानिशी दिलंय, ते वाचायचे कष्ट एकानेही घेतलेले नाहीत. डेनिस शुंके आणि इंगा शार्फ मुख्य आवाज. स्टेफान श्मिट आणि रॉस थॉम्प्सन 'रक्काटक्का', म्हणजे रिदम गिटारची जागा, एक खालच्या सुरात, एक वरच्या. इंगो स्टेर्झिंगर 'दनदन', म्हणजे बेस गिटारची जागा. आणि सहावा बास्टियान एमिग, त्याच्यापुढे लिहिलंय ड्रम्स. खराखुरा ड्रमसेट, काठ्या घेऊन वाजवलेला. म्हणजे दुसरा मुद्दाही इथेच निकालात निघाला.

हां, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. गिटार सोलोच्या जागी जो आवाज येतो तो निव्वळ गळ्याचा नाही, श्मिट गातो आणि तो आवाज गिटारसारखा डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टमधून, काढतात. पण मुळात माणूसच गातोय ना!

माणसाला गिटार गाता येत नाही म्हणे. हेडफोन लावून 'हिरो'वरचं 'विशमास्टर' ऐका, मूळ गाणं फिनलंडच्या नाइटविश बँडचं. 'र' ला जीभ लागते, 'क्क' ला जिभेची मागची बाजू टाळूला टेकून हवा क्षणभर अडते आणि आवाज तिथल्या तिथे दाबला जातो, गिटारवाला तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवतो तेव्हा अगदी असाच दबका ठोका येतो. टेबलावर बोटांनी ठेका धरून स्वतः म्हणून बघा, रक्काटक्का रक्काटक्का, चौथ्या आवर्तनाला दम कुठे घ्यायचा हा प्रश्न पडतो, आणि पुतणीचे दोन महिने त्यातच गेलेत. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीला आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड आला होता, मी त्या गर्दीत होतो, त्यांचं 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं आणि गिटारची धून सगळं पब्लिक ओ-ओ करून गात होतं. तेच गाणं त्याच वर्षी 'हिरो'वर आलं.

तराण्याचं म्हणाल तर तिथे राग असतो, ताल असतो, 'तोम', 'दिर', 'तननन' ची वेगळीच लय असते. इथे गिटारच्या ठोक्याची नक्कल आहे. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायची आपल्याकडे सवय आहे म्हणून ओळखीचं वाटतं, त्याला चोरी म्हणत नाहीत. अल्बमच्या दहापैकी पाच गाणी दुसऱ्या बँड्सची आहेत, मॅनोवार, ब्लाइंड गार्डियन, डीप पर्पल वगैरे, ती मूळच्या नावानेच घेतलीत.

आता कॅन्सर. यावर मला खरंच राग आलाय. घशाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखूने, सिगारेट-बिडीने आणि दारूने होतो, काही प्रकार एचपीव्ही नावाच्या व्हायरसनेही होतात. गाण्याने नाही. यात अर्धं खरं इतकंच की चुकीच्या पद्धतीने रोज ओरडलं तर स्वरतंतूंवर छोट्या गाठी येऊ शकतात, त्या शिक्षकांना येतात, भाजी विकणाऱ्यांना येतात, लहान मुलांनाही येतात. त्या कॅन्सरच्या नसतात, आणि बहुतेक वेळा आवाजाला विश्रांती देऊन, व्हॉइस थेरपी घेऊन बऱ्या होतात. 'गाठ' हा शब्द कोणीतरी ऐकला आणि पुढचं स्वतःच जोडून दिलं. शिवाय रक्काटक्का म्हणजे किंचाळणं नव्हेच, ते माइक तोंडाशी धरून म्हणतात, मोठा आवाज करायचं काम ॲम्प्लिफायरचं. आणि ज्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला तिथले दोन मामा रोज तंबाखू मळतात, त्यांना आजवर कोणी एक ओळ लिहिलेली नाही, कॅन्सरची भीती घातली कोणाला, तर गाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला.

पुतणीला सांगितलंय, मध्ये मध्ये पाणी पी, दुखायला लागलं की थांब, आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. वहिनी, तुमच्यावर राग नाही, तुम्ही काळजीनेच टाकलात. पण आईला फोन तुम्हीच करा, आजच. फेस्ट शनिवारी आहे.