'ऑक्सिजन फुल ठेवा' हा सल्ला बाळाचे डोळे घालवू शकतो

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सीपॅप लावू देऊ नका. ती व्हेंटिलेटरची पहिली पायरी, मशीन लागलं की सुटत नाही. नुसता ऑक्सिजन फुल ठेवायला सांगा, मॉनिटरवर १०० दिसलंच पाहिजे. सातव्या महिन्यातलं बाळ आठव्यातल्यापेक्षा दणकट असतं.' बाळ पेटीत असताना घाबरलेले आईवडील हे वाचून सही द्यायला कचरतात, म्हणून हे सविस्तर उत्तर. सीपॅप म्हणजे नाकातून सतत हलका दाब देऊन फुफ्फुस उघडं ठेवणारं साधन; मॉनिटरवरचा आकडा म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते.

आधी 'नुसता ऑक्सिजन'. या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे हवेचे फुगे मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ, कमी असतो. त्यामुळे श्वास सोडला की हवेचे फुगे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा उघडावे लागतात. बंद फुग्यात ऑक्सिजन शिरणार कुठून? बाळ कण्हतं तेव्हा ते गळा अर्धवट मिटून हवा आत अडवून धरत असतं. सीपॅप तेच काम बाळाला न दमवता करतं.

बबल सीपॅपमध्ये श्वास बाहेर नेणाऱ्या नळीचं टोक पाण्यात ५ ते ६ सेंटिमीटर बुडवतात. जितकी खोली, तितका दाब. मिनिटाला ५ ते ८ लिटर गरम, दमट हवा सोडली की बुडबुडे सतत यायला हवेत. थांबले, तर कुठेतरी गळती आहे: तोंड उघडं, प्राँग (नाकात बसणारी छोटी नळी) लहान किंवा सरकलेली. नळीत साचलेलं पाणीही वाट अडवतं. प्राँग नाकाच्या मधल्या पडद्याला टेकली तर तिथली त्वचा पांढरी पडते, पुढे जखम होते. म्हणून साधारण २ मिलिमीटर मोकळे ठेवतात. पोटात हवा जाते, ती निघायला तोंडातून घातलेल्या नळीचं टोक उघडं ठेवतात.

'मशीन सुटत नाही' हे तर उलटंच आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉइन चाचणीत २५ ते २८ आठवड्यांच्या बाळांना जन्मल्याबरोबर सीपॅप दिलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या पाच दिवसांत श्वासनलिकेत नळी घालावी लागली नाही. धोका अजिबात नाही असं मात्र आम्ही म्हणणार नाही. तिथे दाब ८ सेंटिमीटर होता आणि सीपॅपच्या गटात ९ टक्के बाळांच्या फुफ्फुसातून हवा फुटून बाहेर आली, जन्मताच नळी घालून व्हेंटिलेटर लावलेल्या दुसऱ्या गटात ३ टक्के. आज सुरुवात ५-६ ने होते. श्वास घ्यायला विसरणाऱ्या बाळाला कॅफीन देतात: किलोमागे २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०. सीपॅपवरही ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर लागत राहिला, तर बारीक नळीने सर्फॅक्टंट सोडता येतं.

सगळ्यात घातक वाक्य '१०० दिसलंच पाहिजे'. बाळ ऑक्सिजनवर असताना आकडा १०० झाला की रक्तात ऑक्सिजन किती जास्त झालाय हे मॉनिटर सांगूच शकत नाही. जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते. १९४० च्या दशकात मुक्तहस्ते ऑक्सिजन दिल्याने असंख्य बाळं आंधळी झाली. १९५३-५४ च्या अमेरिकेतल्या चाचणीने कारण पक्कं केलं. पण फार कमी ठेवूनही चालत नाही: २०१० च्या सपोर्ट चाचणीत आकडा ८५-८९ ठेवलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार घटला, मृत्यू मात्र वाढले. म्हणून ९० ते ९५. साध्या हवेवर असलेल्या बाळाचा आकडा १०० आला तर काळजी नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारं यंत्र) आहे का, ऑक्सिजन किती टक्के चालू आहे, वरचा अलार्म ९५ ला लावलाय का?

सातवा महिना दणकट? सर्फॅक्टंट ३४-३५ आठवड्यांच्या सुमाराला पुरेसं होतं. त्यामुळे गर्भातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा. २४ ते ३४ आठवड्यांत कळा आल्या तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस. सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार पहिला डोस एएनएम ताईही (उपकेंद्रातल्या परिचारिका) देऊ शकतात. शहापूर-मुरबाडहून ठाण्याला पाठवताना तो गाडी निघण्याआधीच द्यावा.

आणि घरी सोडताना कार्डावर डोळे तपासण्याची तारीख लिहून घ्या. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाचं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत; २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ नीट दूध पितंय म्हणून ही तारीख पुढे ढकलू नका.