ह्यूमर म्हणजे दर वेळी विनोद नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘ह्यूमर’ या इंग्रजी शब्दाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘ह्यूमर’ म्हणजे विनोद, हे शाळेतल्या शब्दकोशातही सापडतं. मी त्यात रक्त, पित्त आणि कफ आणून साध्या शब्दाचा गुंता केला. शब्दाचं मूळ सांगून आजचा अर्थ ठरत नाही. आणि ‘विनोद’ हा शब्द अपुरा पडतो असं म्हणणं म्हणजे मराठीला कमी लेखणं.

मुळावरून आजचा अर्थ ठरत नाही, हे अगदी बरोबर. पण ‘ह्यूमर’चा जुना अर्थ कोशात पडून राहिलेला नाही. तो आजच्या बोलण्यात आहे, आणि तो माहीत नसला की वाक्याचा अर्थ पार उलटा होतो.

एका कादंबरीच्या अनुवादाचं हस्तलिखित मी तपासत होते. त्यात एक म्हातारा रोज रात्री सुनेला सांगतो, फाटकाला कुलूप लागलंय का ते बघून ये. कुलूप लावलं तेव्हा तो स्वतः तिथे उभा असतो. तरी ती चपला घालते, फाटकापर्यंत जाते, कुलूप ओढून पाहते आणि परत येऊन म्हणते, ‘लागलंय, बाबा.’ इथे मूळ वाक्य होतं, ‘शी ह्यूमर्ड हिम.’ अनुवादात आलं होतं, ‘तिने त्याची थट्टा केली.’ त्या एका वाक्याने सून दुष्ट ठरली. पुढच्या प्रकरणात म्हातारा सगळं तिच्यावरच सोपवतो, त्याचाही उलगडा होईना. अनुवादकाचं इंग्रजी कच्चं नव्हतं. ह्यूमर म्हणजे विनोद एवढंच मनात पक्कं बसलेलं होतं. मराठीत तिथे ‘तिने त्याचं मन राखलं’ किंवा ‘त्याच्या कलाने घेतलं’ असं हवं होतं, आणि हे शब्द आपल्या घराघरांत रोज वापरले जातात.

मालिकांमधला डॉक्टर किंवा पोलीस अधिकारी ‘ह्यूमर मी’ म्हणतो, तेही हेच. ‘मला हसव’ असं तो म्हणत नाही. ‘माझा प्रश्न तुला फालतू वाटत असेल, तरी माझ्या समाधानासाठी उत्तर दे,’ असं तो सांगत असतो. ‘गुड-ह्यूमर्ड’ माणूस म्हणजे विनोद सांगणारा नव्हे, तर हसतमुख, चटकन न चिडणारा. जरा जुन्या वळणाचं ‘आउट ऑफ ह्यूमर’ म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘आज त्याचं काहीतरी बिनसलंय’ म्हणतात ते.

या सगळ्यांत विनोद कुठेच नाही. आहे ती मनाची ठेवण. म्हणून मला त्या चार द्रवांकडे जावं लागलं. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांच्या प्रमाणावर माणसाची तब्येत आणि स्वभाव ठरतो, असं ग्रीक वैद्यक मानत होतं. दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने ही मांडणी पक्की केली आणि पुढे शतकानुशतकं युरोपात ती चालली. या द्रवांना लॅटिनमधून आलेलं नाव ‘ह्यूमर’. त्यातला एखादा द्रव वरचढ झाला की माणूस एकांगी वागतो, म्हणून शब्द द्रवावरून स्वभावावर आणि स्वभावावरून लहरीवर सरकला.

इंग्लिश नाटककार बेन जॉन्सनचं ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक 1598 मध्ये रंगभूमीवर आलं, त्यात शेक्सपिअरने काम केलं होतं. त्या नावाचा अर्थ ‘प्रत्येक जण आपापल्या विनोदात’ असा लावून बघा, काहीच हाती लागत नाही. ‘प्रत्येक जण आपापल्या तारेत’ म्हटलं की लगेच कळतं. पुढच्याच वर्षीच्या नाटकात जॉन्सनने हा शब्द समजावून सांगितला आहे. एखादा गुण माणसाला इतका पछाडतो की त्याच्या साऱ्या भावना आणि शक्ती एकाच दिशेला वाहू लागतात, तो खरा ह्यूमर. नुसतं टोपीत रंगीत पीस खोचून त्याला स्वतःचा ह्यूमर म्हणणाऱ्यांवर तो चिडलेला आहे, म्हणजे तेव्हा हा शब्द चांगलाच फॅशनमध्ये होता. अशा तारेतल्या माणसाला बघून लोक हसू लागले आणि मग शब्द हसण्याकडे वळला. ‘ह्यूमरिस्ट’ही आधी हा लहरी माणूसच होता, हसवणारा लेखक तो नंतर झाला. पुढचा कोशकार सॅम्युअल जॉन्सन (हा वेगळा जॉन्सन), त्याच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशात ‘ह्यूमर’चा पहिला अर्थ ‘ओलावा’ आहे. हसण्याचा अर्थ बराच खाली येतो.

मूळ द्रवाचा अर्थही शाबूत आहे. काचबिंदूच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात तो ‘अॅक्वियस ह्यूमर’ म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातला पाण्यासारखा द्रव. त्याचा निचरा नीट झाला नाही की डोळ्यातला दाब वाढतो.

आता मराठीला कमी लेखण्याबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, कारण माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. आपण अजूनही ‘त्याचं पित्त खवळलं’ म्हणतो, तेव्हा राग शरीरातल्या द्रवावरच घालतो. ‘प्रकृती’ हा शब्द तब्येतीलाही वापरतो आणि स्वभावालाही. लहर, कल, मर्जी, तार, तबियत असे किती शब्द आहेत! सगळीकडे ‘विनोद’ चिकटवला की हे शब्द बसून राहतात. नुकसान मराठीचंच होतं.

हास्यरसाचा दाखला तुम्ही दिलात. ‘रस’ हाही द्रवच, हे साम्य मोहात पाडतं खरं. पण नाट्यशास्त्रातला रस प्रेक्षक चाखतो आणि जुना ह्यूमर माणसाच्या अंगात असतो. दोन्ही जोडू नयेत.

‘सेन्स ऑफ ह्यूमर’ला मी स्वतःही ‘विनोदबुद्धी’ म्हणते. बहुतेक ठिकाणी ते चालतं. मात्र ब्रिटनमधल्या जोडीदार शोधण्याच्या छोट्या जाहिरातींत ‘जीएसओएच’ ही अक्षरं असत, म्हणजे ‘गुड सेन्स ऑफ ह्यूमर’. तिथे कोट्या करणाऱ्या माणसापेक्षा सगळं हसून घेणारा, थट्टा मनाला लावून न घेणारा माणूस हवा असतो. ‘विनोदबुद्धी’त तो अर्थ अर्धाच येतो. मी तिथे ‘खेळकर स्वभावाचा’ असं लिहीन.

राहिलं तुमचं ‘लाड पुरवणे’. ‘ह्यूमर’ या क्रियापदाला तोच प्रतिशब्द पुरेसा आहे, असं तुम्ही म्हणता. शब्द गोड आहे, पण लाड करणाऱ्याला ते करण्यात आनंद असतो. ‘ह्यूमर’ करणाऱ्याला समोरच्याचं म्हणणं पटलेलं नसतं, आणि तो तसं दाखवत नाही. सुनेला माहीत आहे की कुलूप लागलेलं आहे. तरी ती जाऊन येते. लहान मुलाच्या बाबतीत ‘लाड’ चालून जाईल, पण सासऱ्याच्या बाबतीत मी ‘मन राखलं’ हेच ठेवीन.